सुट्टीत उतरताना

2025 च्या एप्रिलात आमच्या फोंड्याच्या घरात एकाच वेळी दोन शालेय वर्षं चालू होती. थोरलीचं सातवीचं वर्ष मार्चमध्ये संपलं आणि 7 एप्रिलला ती आठवीच्या वर्गात जाऊन बसली. धाकटा तिसरीत. त्याची प्राथमिक शाळा जुन्याच रीतीने चालली होती, वार्षिक परीक्षा एप्रिलात आणि निकाल महिनाअखेर. एकीच्या हातात कोरी पुस्तकं, दुसरा अजून जुनी उजळणी करतोय, आणि दोघांचं टेबल एकच.

गोव्याबाहेरच्या वाचकांना थोडं सांगते. आमच्याकडे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. एप्रिलअखेर निकाल, मे महिना मोकळा, जूनच्या पहिल्या आठवड्यात घंटा. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत 2025 पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलातच सुरू करायचं सरकारने ठरवलं. पालकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण वर्ग ठरल्याप्रमाणे भरले. सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. एप्रिलभर शिकवणं, मग मे महिन्याची सुट्टी आणि 4 जूनला पुन्हा शाळा.

उन्हाचा त्रास सगळ्यांनाच दिसत होता. 2023 च्या मार्चात उष्णतेच्या लाटेमुळे दोन दिवस शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या, ते कोणी विसरलं नव्हतं. पालकांच्या बोलण्यात तेच जास्त यायचं. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त जाणवली. पूर्वी निकाल हातात पडला की वर्ष संपायचं. मे महिना कोणत्याच इयत्तेचा नसायचा. ‘आता कितवीत?’ असं कोणी विचारलं तर मूल क्षणभर अडखळायचं, आणि त्या अडखळण्यात केवढं सुख असायचं! यंदा सातवी संपल्यावर श्वास घ्यायला जेमतेम सवड मिळाली. गुढीपाडवा झाला, रामनवमी रविवारी आली आणि सोमवारी आठवी सुरू. मेची सुट्टी लागली तेव्हा थोरलीच्या दप्तरात आठवीचे पहिले धडे, गणिताचा गृहपाठ आणि विज्ञानाचा प्रकल्प होता.

“आई, दप्तर गावाला न्यायचं ना?” तिने विचारलं.

त्या प्रश्नावर मी बरीच रेंगाळले. मुलीला सुट्टी मिळाली होती, पण तिला सुट्टीत शिरता येत नव्हतं. सुट्टीची तारीख कॅलेंडरवर असते, घर काही त्या तारखेला बदलत नाही. शाळेच्या दिवसांतून सुट्टीच्या दिवसांत उतरायला आम्हाला यंदा चांगलाच वेळ लागला, आणि तो वेळ आम्ही मुद्दाम दिला. तो कसा दिला, हेच इथे लिहायचं आहे. आता दर वर्षी अनेक घरांना हे करावं लागणार आहे.

सुरुवात एप्रिलातच केली होती. आठवी सुरू झाली होती खरी, पण सातवी कोणी बंद केली नव्हती. म्हणून एका रविवारी सकाळचा चहा झाल्यावर थोरलीने सातवीच्या सगळ्या वह्या जमिनीवर काढल्या. उरलेली कोरी पानं कापून, दाभणाने भोकं पाडून, जाड दोऱ्याने शिवून त्यांच्या कच्च्या वह्या केल्या. पाठ्यपुस्तकांची सुटलेली पानं चिकटवली आणि ती शेजारच्या मुलीला दिली. ती यंदा सातवीत गेली आहे. हे सगळं तासाभरात उरकण्यासारखं होतं. थोरलीने त्याला दुपारपर्यंत वेळ घेतला. प्रत्येक वही चाळली. मराठीच्या एका निबंधाखाली बाईंनी तांबड्या शाईत लिहिलेला शेरा मला वाचून दाखवला, भूगोलाच्या वहीतला मांडवी-झुवारीचा नकाशा भावाला दाखवला, मैत्रिणीने मागच्या पानावर काढलेली चित्रं बघून एकटीच हसली. शेवटी दोन वह्या ठेवल्या, बाकीचा गठ्ठा रद्दीत गेला. फळी तिने स्वतः पुसली आणि मग आठवीची पुस्तकं तिथे लावली. तोपर्यंत ती पुस्तकं टेबलाच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखी पडून होती. ज्यांची मुलं एप्रिलात नव्या वर्गात जातात त्यांनी हे जरूर करावं. मुलाला निकालपत्राहून अधिक काहीतरी हवं असतं, आपल्या हाताने मिटवण्यासारखं.

एप्रिलच्या दुपारी हा मोठा घोर होता. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचं काम करते, नवरा पणजीला नोकरीला. बालरथ बस थोरलीला बाराच्या सुमारास कोपऱ्यावर सोडायची. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असायची, आणि त्या आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. भात-आमटी सकाळी करून ठेवलेली, थोरलीने ती गरम करून भावाला वाढायची. बारा ते चार बाहेर जायचं नाही. बाकी त्या महिन्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धाकट्याची परीक्षा झाली, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याचा निकाल लागला आणि दोघांची सुट्टी एकदाची जुळली.

मेचे पहिले काही दिवस आम्ही काहीही ठरवलं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ते फार अवघड असतं. मुलं उशिरा उठायची, लोळायची, भांडायची, दहा वाजताच ‘आता काय करू?’ म्हणून मागे लागायची. नवऱ्याने त्या आठवड्यात घरून काम करण्याची परवानगी काढली होती. तो रोज संध्याकाळी मला सांगायचा की आज दिवस वाया गेला. मला तसं वाटत नव्हतं. थोरली दुपारी तीन-तीन तास झोपायची. जूनपासून मार्चपर्यंत सकाळी सहाला उठणारी मुलगी, वर एप्रिल. ती झोप तिची साठलेली होती. धाकटा व्हरांड्यात मुंग्यांची रांग बघत पोटावर पडायचा. चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त होती, मग हळूहळू ओसरली. थोरलीने स्वतःहून कच्च्या वहीत काहीतरी लिहायला घेतलं. ते काय होतं, मी अजून विचारलेलं नाही.

मोबाईलचं मात्र ठरवावं लागलं. घरात एकच जादा फोन आहे. तो संध्याकाळी जेवणाआधी तासभर, दोघांनी मिळून, बसायच्या खोलीत. कुरकुर झाली, पण नियम सगळ्यांसाठी होता. त्या तासाशिवाय मी आणि नवरा दोघंही फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचो. मोठ्यांचा फोन हातात असला की मुलांना दिलेल्या नियमाला काही वजन राहत नाही.

शिबिरांचाही प्रश्न आला. मे महिना आला की गोव्यात शिबिरांची रेलचेल असते. बालभवनची, कला अकादमीची, पोहण्याची, चित्रकलेची, नाटकाची. वाईट एकही नाही. कांपालच्या बालभवनात मी स्वतः लहानपणी गेले आहे, आणि तिथे शिकलेली गाणी अजून म्हणते. पण काही घरांत मुलं सकाळी एका शिबिराला, दुपारी दुसऱ्याला जाताना दिसतात, डबा आणि पाण्याची बाटली तीच, फक्त गणवेश नाही. जिथे घरी कुणीच नसतं तिथे दुसरा इलाज नाही, हे मलाही कळतं. आम्हाला सत्तरी तालुक्यातलं गावचं घर आहे, तिथे आजी आहे, ही आमची मोठी श्रीमंती. म्हणून यंदा शिबिर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि त्याऐवजी एक दिवस पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो.

हे ग्रंथालय 1832 साली सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते मोडतं, आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. कदंबने, म्हणजे सरकारी बसने जायचं, बसस्थानकावरून चालत पोचता येतं. धाकट्याला सगळ्यात आधी तिथला गारवा आवडला. मग तो प्राण्यांच्या एका मोठ्या पुस्तकावर जो वाकला तो जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही. थोरली एका कपाटापुढे उभी राहूनच वाचत होती. बस म्हटलं तरी बसेना. तिथे कोणी तिला ‘हे आठवीला आहे का?’ असं विचारणार नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “दप्तर नको नेऊया.” मी फक्त बरं म्हटलं.

दप्तर अगदीच सोडून दिलं असं नाही. विज्ञानाचा प्रकल्प होता, गणितही होतं. आम्ही बोलून ठरवलं की गावाला फक्त प्रकल्पाचा कागद न्यायचा आणि बाकीचं जूनच्या आधीच्या आठवड्यात बघायचं. प्रकल्पाचा विषय ‘परिसरातील वनस्पती आणि त्यांचे उपयोग’ असा काहीसा होता. तो सत्तरीत जितका छान होईल तितका फोंड्यात टेबलाशी बसून होणार नव्हता.

गाव म्हणजे सत्तरीत, म्हादईच्या खोऱ्यात, वाळपईच्या पुढे. उसगांव-तिस्क मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूची झाडं दिसायला लागतात, आणि मे महिन्यातही खिडकीतून बोंडांचा आंबूस वास येतो. घरामागे कुळागर आहे. पोफळी, नारळ, मिरवेली, केळी, दोन-तीन जायफळं, आणि कडेला भिरंडीची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं. सासूबाई तिथेच राहतात, धाकटे दीर आणि जाऊ बागायत बघतात. मुलांची आणखी दोन चुलत भावंडं आहेत. आम्ही पोचलो तेव्हा ती चौघं आमच्या हातातल्या पिशव्या उतरवायच्या आधीच कुळागरात दिसेनाशी झाली.

मला या लेखात मुख्य सांगायचं आहे ते इथून पुढचं. गोव्यातल्या गावाचा मे महिना रिकामा कधीच नव्हता. त्याला स्वतःचं वेळापत्रक आहे, आणि ते ऊन, फळं आणि येणारा पाऊस ठरवतात. जूनपासून चार महिने लागणारं सगळं मेमध्ये भरून ठेवायचं. आम्ही याला पुरुमेंत म्हणतो. सोलं, आगळ, चिंच, मिरच्या, कांदे, खाऱ्या पाण्यातली तोरं (कच्चे आंबे), फणसाची आणि आंब्याची साटं, सुकं मासळं, गालमो (सुका जवळा), खारे बांगडे, चुलीसाठी फाटी. जूनच्या आधी पुरुमेंताची फेरी मडगावला अजून भरते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही या दिवसांत तेच विकायला येतं. घरात या कामांना हात कमी पडतात. मुलांना सुट्टीत काय करायला द्यायचं, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही.

पहिल्या सकाळी सासूबाईंनी धाकट्याला आंब्याच्या आढीपाशी नेलं. काळोख्या खोलीत भाताच्या गवतावर मानकुराद पसरलेले, काही मुसराद. सासूबाईंच्या मते मुसराद रसाला आणि मानकुराद कापून खायला. गोव्याच्या मानकुरादला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी त्यांना मी सांगितली होती, तेव्हा त्यांनी “बरें जालें” एवढंच म्हटलं होतं. आढी रोज चाळावी लागते. एक आंबा कुजला की शेजारचे चार धरतात. धाकट्याला त्यांनी दाखवलं, देठाजवळ अंगठा दाबायचा, थोडा दबला की बाहेर, काळा डाग दिसला की वेगळ्या टोपलीत, कच्चे पुन्हा गवताखाली. ते काम त्याचं ठरलं. रोज सकाळी तोंड धुतलं की तो आधी आढीकडे जायचा. वर्षभर ज्याला उठवायला मला चार हाका माराव्या लागतात तो मुलगा सहाला आपण होऊन उठत होता, कारण उशीर झाला तर काकाचा मुलगा आढी चाळून टाकायचा. कुजलेल्या टोपलीतले बरे भाग आजी सासवासाठी घ्यायची. घोटं (छोटे रायवळ आंबे) आणि मोहरी-खोबऱ्याचं ते सासव मी वर्षातून या दिवसांतच खाते.

काजूचा हंगाम संपत आला होता, तरी डोंगरावर थोडी बोंडं पडत होती. मुलांना काकांबरोबर जायचं होतं. इथे मात्र आम्ही काळजी घेतली, आणि सत्तरीत मुलं नेणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यायला हवी. 2015 पासून या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. हा ताप जंगलातल्या गोचिडींमुळे होतो आणि त्याचा काळ नेमका काजूच्या हंगामाशी जुळतो. वाळलेल्या पानांत बसून बोंडं गोळा करणाऱ्यांना धोका जास्त. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे सदरे, पायमोजात खोचलेल्या विजारी, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल हातापायांना, आणि घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, मुलं न्हाणीत. जवळपास मेलेलं माकड दिसलं तर तिकडे फिरकायचंच नाही आणि लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं. धाकटे दीर याबाबतीत फार कडक आहेत. त्यांच्या ओळखीतल्या एका घरात हा ताप येऊन गेला आहे.

नदीचंही तसंच. म्हादई मे महिन्यात संथ दिसते, पण कोंड कुठे खोल आहे ते गावच्याच माणसाला ठाऊक. इथे समुद्रकिनाऱ्यासारखे जीवरक्षक नसतात. पोहायचं ते काकांबरोबर, एका ठरलेल्या उतारावर, कंबरभर पाण्यात. इतर वेळी नदीकडे जाणाऱ्या पाणंदीवर पाऊल टाकायचं नाही. चौघांनी हे पाळलं, कारण पहिल्याच दिवशी दिरांनी त्यांना काठावर उभं करून कोंडात एक लांब बांबू उभा सोडला आणि तो पूर्ण बुडालेला दाखवला. त्यानंतर सांगावं लागलं नाही.

आणि मग भिरंडं. मेच्या मध्यावर कुळागराच्या कडेची झाडं लालजांभळी झाली. दीर झाडावर, आम्ही खाली गोणपाट धरून. दुपारी पडवीत सासूबाई आणि जाऊ आदोळ्या, म्हणजे विळ्या, घेऊन बसल्या. फळ धुवायचं, मधोमध चिरायचं, आतला गर बियांसकट मातीच्या भांड्यात आणि साल सुपात. गराला जाडं मीठ लावून ठेवलं की त्याला रस सुटतो. साल उन्हात वाळवायची, पुन्हा त्या खारट रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं पाच-सहा वेळा केल्यावर साल काळीशार, मऊ आणि चकचकीत होते. ते सोल. उरलेला रस गाळून बाटल्यांत भरला की आगळ. बिया वेगळ्या वाळवतात, त्यांचं भिरंडेल होतं, पावसात चिरणाऱ्या टाचांना लावायला.

थोरलीला आदोळी द्यायला मी बिचकत होते. सासूबाईंनी मला विचारलंच नाही. तिला शेजारी बसवलं, पाय कसा रोवायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, “पळय गो बाय, फळ फिरयतात, हात न्हय.” आदोळीचं पातं जागच्या जागी असतं, फळ त्याच्याकडे न्यायचं. पहिल्या फळांत ती फारच जपून होती, प्रत्येक फळाला आजीकडे बघायची. अर्ध्या तासाने बघणं थांबलं. तिची बोटं मनगटापर्यंत जांभळी झाली, नखांच्या कडांतून तो रंग पुढे कितीतरी दिवस गेला नाही. ती आणि आजी खालच्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेल्यावर बोलणं थांबलं, म्हणून मी पुन्हा लांब जाऊन मीठ मोजायला बसले. तेरा वर्षांच्या मुलीला आईखेरीज बोलायला कोणी मिळावं, तेही हात कामात असताना, समोरासमोर न बघता, याची किंमत मला त्या दुपारी कळली. फोंड्यात शाळा, शिकवणी आणि बस यांच्यामध्ये असं बोलणं कुठे बसवणार?

प्रकल्पही तिथेच झाला. भिरंडीचं पान, फळाचा उभा छेद, वाळलेलं सोल आणि बी. तिने ते सगळं कागदावर चिकटवलं, बाजूला आजीने सांगितलेले उपयोग लिहिले. पित्तावर कोकमाचं पाणी, अंगावर पुरळ उठल्यावर तेच वरून लावायचं, भिरंडेल टाचांना. आजीचे शब्द तिने जसे होते तसेच ठेवले. ते प्रकल्पात चालतील का, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, “बाईंना विचार, पण खोडू नकोस.”

पाऊस यंदा सगळ्यांच्या आधी आला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून 2025 मध्ये 25 मेलाच गोव्यात दाखल झाला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस धो धो पाऊस होताच. आमची सोलं तेव्हा दोनदाच रसातून निघाली होती. अंगणात सुपं, चटया, जुनी लुगडी पसरलेली, आणि डोंगरावरून सर येताना दिसली. जाऊबाईंनी हाक मारली तशी घरातली सगळी माणसं धावली. सासूबाईंसकट. मुलांनी चटईची चार टोकं धरून सोलं आत आणली, धाकटा निसरड्या पायरीवर घसरला तरी त्याने टोक सोडलं नाही. गुडघा सोलवटला होता, ते त्याच्या ध्यानात रात्री आलं.

मग सोलं चुलीवरच्या माळ्यावर चढली. खाली दिवसभर मंद विस्तव ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी शिडीवर चढून सोलं परतायची. धुराचा वास लागतो, रंगही उन्हातल्या सोलांसारखा येत नाही. सासूबाई हळहळत होत्या. काजूवाले, मिठागरवाले, पुरुमेंत विकणाऱ्या बायका, सगळ्यांचंच त्या आठवड्यात नुकसान झालं. मुलांना मात्र त्यात पहिल्यांदा कळलं की आजीच्या बरणीतली सोलं ऊन मिळालं तरच होतात, आणि ऊन मागून मिळत नाही. फणसाची साटं यंदा अर्धीच झाली. आगळाच्या बाटल्या तेवढ्या नेहमीइतक्या भरल्या.

पावसाने सुट्टी एका फटक्यात संपल्यासारखी वाटली. लहानपणापासून पाऊस आणि शाळा आमच्या डोक्यात एकत्र बसलेली आहेत, त्यामुळे छपरावर सरी वाजायला लागल्या की थोरली तारखा मोजायला लागली. आम्ही महिनाअखेरीस फोंड्याला परतलो. सुट्टीत उतरायला जसे दिवस दिले तसेच बाहेर पडायलाही द्यायचे हे आधीच ठरलं होतं. रोज थोडं लवकर झोपायचं, थोडं लवकर उठायचं. रेनकोट काढून बघितले तर धाकट्याचा कोपरापर्यंतच येत होता. वह्यांना कव्हरं घातली. थोरलीने एप्रिलमधले धडे काढले. गणितातलं बरंच विसरली होती, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. नवरा तिच्याबरोबर रोज सकाळी चहानंतर बसला. तीन-चार बैठकींत ते परत आलं. एप्रिलात शिकवलेलं मेच्या सुट्टीनंतर किती उरतं, याचा विचार शाळांनीही करायला हवा. जूनचा पहिला आठवडा उजळणीला दिला तर मुलांवरचा ताण बराच कमी होईल, असं माझं ठाम मत आहे, आणि पालकांच्या बैठकीत मी ते मांडणार आहे.

4 जूनला दोघंही एकाच सकाळी शाळेत गेली. धाकटा चौथीत. प्रकल्प प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून थोरलीने छातीशी धरला होता. आजीचे शब्द बाईंनी ठेवले, खाली अर्थ लिहायला सांगितला.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. मी रजा मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेणार, म्हणजे भिरंडं पिकतील तशी लगेच उन्हात पडतील. आणि धाकट्याची इयत्ता सहावीपर्यंत पोचली की दोघांचं एप्रिल एकत्र जाईल, तोपर्यंत दुपारची किल्ली वहिनींकडेच. बिया सासूबाईंनी वाळवून ठेवल्या आहेत. त्या फोडून, आतला गर कुटून, पाण्यात उकळून वर येणारा तेलकट थर निववायचा आणि त्याचे गोळे वळायचे, हे काम पावसातही होतं. शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या कदंबने या, असा निरोप आहे. थोरलीने कपडे आताच पिशवीत भरलेत.